घाई घरी, सवड दारी

जाहिरात लावून तास झाला नाही तोवर तिघांचे फोन आले, आत्ता निम्मे पैसे टाकलेत तर तुमच्यासाठी ठेवतो, असं तो कॅराव्हॅन विकणारा म्हणाला आणि तू खरोखर बँकेचं ॲप उघडून बसलास, हे सूनबाईकडून कळलं. तिने हात धरला म्हणून वाचलास. तिला माझ्याकडून शाबासकी सांग, आणि तू हे नीट वाच.

तिकडे रेडिंगमध्ये तुला कॅराव्हॅनमधलं जाणतं माणूस शोधायला लागेल. आमच्या हल शहरात ती गल्लोगल्ली भेटतात. स्विफ्ट कॅराव्हॅनचा कारखाना इथून जवळच, कॉटिंगहॅमला. कोचमनचा तर हलमध्येच. आमच्या शेजारचे आजोबा उभा जन्म कॅराव्हॅन जोडण्यात घालवून निवृत्त झालेले. पुढे जे सांगतेय त्यातलं निम्मं त्यांचं, बाकीचं तुझ्या काकांचं. माझं म्हणशील तर एवढंच, की त्या दोघांच्या गप्पा चालायच्या तेव्हा मी चहा ठेवून आत निघून गेले नाही.

आधी बाजार समजून घे. मोटारीमागे ओढत न्यायच्या या खोलीला मागणी असते ती ईस्टरच्या आधीपासून शाळांच्या सुट्ट्या संपेपर्यंत. त्यात २०२० सालच्या उन्हाळ्यात लॉकडाऊन सैल झाला, विमानं जेमतेम चालू आणि माणसं घरात कोंडून कंटाळलेली. तेव्हा ज्यांनी आयुष्यात तंबू ठोकला नव्हता तेही कॅराव्हॅन शोधत फिरायला लागले. नवीनसाठी रांगा, म्हणून जुनीचे भाव चढले. अशा वेळी विकणारा भाव खातो, त्याला मी दोष देत नाही. पण गरजवंताला अक्कल नसते हे त्यालाही ठाऊक असतं, आणि तुझी गरज त्याला फोनवरच्या आवाजावरूनच कळते. तुला थांबणं जमणार असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थांब. हंगाम संपलेला असतो, बर्मिंगहॅमच्या ऑक्टोबरमधल्या प्रदर्शनात लोक नवीन मॉडेल ठरवून आलेले असतात, आणि जुनी पुढचा अख्खा हिवाळा भाडं भरून कुठेतरी ठेवायची म्हटलं की मालकाचा आवाज आपोआप खाली येतो.

पण तुम्हाला याच उन्हाळ्यात लेक डिस्ट्रिक्टला जायचंय, पोरांना कबूल करून बसलात. ठीक आहे. मग घाई करायची ती सगळी घरी बसून, आधीच करून ठेव. वजन, जागा, पैसे, कागद, बघायला सोबत येणारा माणूस, हे सगळं तयार ठेव, म्हणजे कॅराव्हॅनच्या दारात उभा राहशील तेव्हा तुझ्याकडे सवडच सवड असेल. बाकीची गिऱ्हाइकं उलटं करतात. घरी महिनाभर नुसते फोटो चाळतात, आणि दारात गेल्यावर पाच मिनिटांत हो म्हणून मोकळे होतात.

वजनापासून सुरू कर. कॅराव्हॅन आवडली आणि आपल्या गाडीला ओढवेना, असं झालं तर दोन्हीतली एक बदलावी लागते. तुझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली एक पट्टी असेल, तिच्यावर वजनाचे चार आकडे एकाखाली एक असतात. पहिला भरलेल्या गाडीचा, दुसरा गाडी आणि मागचं ओझं मिळून. दुसऱ्यातून पहिला वजा केलास की गाडी जास्तीत जास्त किती ओढू शकते ते कळतं. दुसरा आकडाच नसेल तर गाडीला ओढायची परवानगीच नाही. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांत हे बऱ्याचदा निघतं, म्हणून तुझी तपासच.

पण गाडीला ओढता येतं म्हणून तेवढं ओढायचं नसतं. इथल्या क्लबांचा जुना दंडक असा, की नवख्याने कॅराव्हॅनचं पूर्ण भरलेलं कमाल वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं. गाडी १,५०० किलोची असेल तर कॅराव्हॅन १,२७५ किलोच्या वर नको. हात बसला तरी शंभर टक्क्यांच्या पुढे कधीच नाही. हा कायदा नाही, पण मोटरवेवर मागून ट्रक गेला आणि कॅराव्हॅन शेपटीसारखी हलायला लागली की हा दंडक कुणी आणि कशासाठी केला ते कळतं.

कॅराव्हॅनच्या दाराजवळच्या पट्टीवरही दोन वजनं मिळतील, रस्त्यावर चालायला तयार असतानाचं आणि कमाल. दोहोंमधला फरक तेवढंच तुमचं सामान. साधारण चार माणसांच्या कॅराव्हॅनला तो दीडशे किलोच्या आसपास असतो, आणि दीडशे किलो ऐकायला पुष्कळ वाटतं. बाहेरचा तंबू, खुर्च्या, पाण्याचे डबे, जास्तीची बॅटरी, सगळं त्यातच. चाकं फिरवायची मोटर कुणी नंतर बसवली असेल तर तिचेच तीसेक किलो गेले. वरून सूनबाईचा कुकर, तवा आणि दहा किलो तांदळाची पिशवी. तांदूळ तिकडच्या दुकानातून घ्या, सोबत कशाला नेता?

गाडीला जोडायच्या अडकवणीवर कॅराव्हॅनचा पुढून किती भार पडतो हेही बघ. कॅराव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के पडला की ती रस्त्यावर सरळ चालते, पण तुझ्या गाडीच्या अडकवणीची मर्यादा ७५ किलो असेल तर गणित काहीही सांगो, ७५च.

परवान्याची कटकट आता राहिली नाही. पूर्वी १९९७नंतर परीक्षा दिलेल्यांना मोठी कॅराव्हॅन ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागायची. १६ डिसेंबर २०२१पासून ती गेली, साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंत ओढता येतं. तुझा परवाना इथला आहे म्हणून बरं. भारतातला परवाना असलेल्या तुझ्या मित्राला मात्र सांग, तो परवाना इथे राहायला आल्यावर पहिलं वर्षभरच चालतो. परीक्षा गेली म्हणून शिकणं टाळू नकोस. कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लबाचे ओढायचे आणि मागे घ्यायचे वर्ग असतात, ते विकत घेण्याआधी कर. मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं, आणि नवरा-बायकोने हे शिक्षण कॅम्पसाइटवर, दहा माणसं खुर्च्या टाकून बघत असताना घेऊ नये.

मग जागा. तुमची वसाहत नवीन आहे, तेव्हा घराची कागदपत्रं काढून बघ. अशा पुष्कळ ठिकाणी दारात कॅराव्हॅन उभी करायला मनाई असते, आणि शेजारी तक्रार करायला टपलेले असतात. भाड्याची जागा घ्यायची तर तीही आधी बोलून ठेव, कारण मागणी वाढते तेव्हा त्या जागाही भरतात. विमेवाल्याला विचार, कुठल्या प्रतीची जागा आणि कुठली कुलपं असली तर हप्ता कमी होतो.

एवढं झालं की फोन उचल, आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. का विकताय? किती वर्षं तुमच्याकडे आहे? दरवर्षी सर्व्हिस झाली का, वही आहे का, ओलीचा अहवाल आहे का? कागद कुणाच्या नावावर आहे आणि बघायला त्याच पत्त्यावर यायचं ना? या शेवटच्या प्रश्नाला जो हॉटेलचा, पेट्रोल पंपाचा किंवा रस्त्याकडेच्या थांब्याचा पत्ता देईल त्याला तिथेच रामराम. मालक परदेशी आहे, पैसे भरा, ट्रकने घरपोच करतो असं सांगणारा तर कॅराव्हॅन नसलेलाच माणूस. मागणीच्या दिवसांत फसवणारे असेच वर येतात, आणि त्यांचा भाव नेहमी इतरांपेक्षा थोडा कमी असतो, डोळ्यात भरेल एवढाच. न बघितलेल्या कॅराव्हॅनला एक पौंड द्यायचा नाही. मग ती हातची गेली तरी चालेल.

कागदाचं एक नीट समजून घे, कारण ते मोटारीसारखं नाही. मोटारीला सरकारी नोंदणी असते, ओढायच्या कॅराव्हॅनला इथे तशी नसते. वार्षिक तपासणी नाही, रोड टॅक्स नाही, नंबरप्लेटही ओढणाऱ्या गाडीचीच. त्या जागी आहे ती क्रिस नावाची नोंदणी, १९९२पासून इथल्या कॅराव्हॅन-धंद्याच्या संघटनेने चालवलेली. त्यातल्या प्रत्येक कॅराव्हॅनला १७ अक्षर-आकड्यांचा क्रमांक, सांगाड्यावर ठोकलेला आणि खिडक्यांवर कोरलेला. २०१६पासूनच्यांत आत चिपही असते. जाण्याआधी विकणाऱ्याकडून तो क्रमांक मागून घे आणि फी भरून चौकशी कर. चोरीची आहे का, अपघातात मोडीत काढलेली आहे का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिच्यावर कुणाचं कर्ज आहे का. कर्ज फिटलं नसेल तर कर्ज देणारी कंपनी तुझ्या दारातून ती उचलून नेऊ शकते, आणि तू पैसे दिलेत याचं तिला काही देणंघेणं नसतं. दारात गेल्यावर प्रत्येक खिडकीवरचा क्रमांक वाच. एखाद्या खिडकीवर घासल्याची खूण असेल किंवा क्रमांकच नसेल तर विचार. खिडकी फुटली म्हणून बदलली असेल, पण मग त्याची पावती असेल. आणि नोंदणीचा कागद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. मूळ खरेदीची पावती माग, आणि तिच्यावरचं नाव त्या घराच्या वीजबिलावरच्या नावाशी जुळतंय का ते बघ. इथली माणसं याला राग मानत नाहीत. मानला तर तेही एक उत्तरच.

आता खरी गोष्ट, ओल.

कॅराव्हॅनची बाकी दुखणी पैशाने बरी होतात. ओलीचंही होतं, पण हजारो पौंडांत, आणि दुरुस्त करणाऱ्याने भिंत उघडल्यावर आकडा वाढतो, कमी कधी होत नाही. जुन्या कॅराव्हॅनची भिंत बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये थर्माकोल आणि लाकडाच्या पट्ट्या, आतून पातळ फळी, अशी असते. पत्रे जिथे जुळतात तिथे, छताच्या झडपांभोवती, खिडक्यांच्या कडेला, बाहेरचा तंबू अडकवायच्या पन्हळीखाली चिकट लांबी भरलेली असते. ती लांबी वर्षांनी वाळते, तडकते, आणि पाणी सुईएवढ्या वाटेने आत शिरतं. आत शिरल्यावर ते दिसत नाही, लाकूड पीत बसतं. २०१०च्या सुमारास बेली कंपनीने ॲल्युमिनियमची चौकट आणली, मग स्विफ्ट वगैरेंनी आपापल्या परीने लाकूड टाळलं, त्यामुळे अलीकडच्यांत कुजायला कमी असतं. पण पाणी यायचं तिथून येतंच. नवी म्हणून बघणं सोडू नकोस.

बघायचं कसं, ते मी आजोबांना करताना पाहिलंय. बेव्हर्लीच्या बाजूच्या एका खेड्यात आमच्या ओळखीतल्या एकांना कॅराव्हॅन घ्यायची होती, म्हणून आम्ही सगळे गेलो. बाहेरून चकचकीत, आत व्हॅनिलाचा घमघमाट, गाद्यांना नवे अभ्रे. मालक सतत बोलत होता. आजोबा काहीच बोलले नाहीत. पुढच्या खिडकीखालच्या बाकाची गादी उचलली, खालच्या कप्प्यातली भांडी एकेक करून बाहेर काढून जमिनीवर मांडली, गुडघ्यावर बसले आणि कोपऱ्यात, जिथे पुढची भिंत, बाजूची भिंत आणि तळ एकत्र येतात, तिथे अंगठा दाबला. अंगठा आत गेला. चहात बुडवलेल्या खारीसारखी ती फळी झाली होती. आजोबांनी बोट पुसलं, भांडी परत जशीच्या तशी लावली, मालकाला थँक्यू म्हणाले आणि आम्ही निघालो. आमच्या आधी ती दोघांनी बघितली होती आणि एकाने इसारही देऊ केला होता, असं मालकच सांगत होता.

म्हणून दार उघडलं की आधी नाक वापर. दार बंद करून आत मिनिटभर उभा राहा. कुबट वास दडवायला अत्तरं फवारतात, तेव्हा फार छान वास आला तर जास्त सावध हो. (हिंग-मोहरीचा वास आला तर घाबरू नकोस, मालक आपल्यातला असेल, फक्त स्वयंपाक करताना खिडकी उघडत होता का ते विचार.) मग प्रत्येक कपाट, प्रत्येक बाकाखालचा कप्पा रिकामा करून कोपरे दाब. छताच्या झडपेभोवती बोट फिरव. भिंतीचा कागद कुठे सुरकुतला, फुगला, त्यावर बारीक काळे ठिपके आले का ते टॉर्च आडवा धरून बघ; समोरून प्रकाश टाकलास तर फुगवटा दिसत नाही. बाथरूमची मागची भिंत आणि चाकावरचा उंचवटा विसरू नकोस. नुकता बसवलेला चटईचा तुकडा, एकाच कोपऱ्यात नवा रंग, एकाच ठिकाणी नवी पट्टी, या सगळ्यामागे काय दडलंय ते बघायचं. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जाता आलं तर उत्तम, आणि इंग्लंडात त्यासाठी मुहूर्त बघावा लागत नाही.

वीस-तीस पौंडांत ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, दोन सुयांचं. ते घे. मालकाला विचारून, न दिसणाऱ्या जागी टोच, कारण भोकं राहतात. आधी एखाद्या नक्की कोरड्या मधल्या भिंतीवर लाव, म्हणजे तुझं यंत्र कोरड्याला किती दाखवतं ते कळेल, मग कोपऱ्यांत जा. साधारण १५ टक्क्यांपर्यंत काळजी नाही. १५ ते २०मध्ये लक्ष ठेवायचं, २०च्या वर पाणी कुठून येतंय ते शोधायचं, ३०च्या वर आतलं लाकूड गेलं असं धरून चालायचं. सर्व्हिसच्या वहीत दरवर्षीचे ओलीचे आकडे असतील तर एकटा ताजा आकडा बघू नकोस. एकाच कोपऱ्याचे सगळ्या वर्षांचे आकडे ओळीने वाच. १२, १४, १९ असे चढत आले असतील तर १९ हा चांगला आकडा नाही, जरी तो २०च्या आत असला तरी. आणि वहीतलं एखादं वर्ष गाळलेलं असेल तर कारखान्याची पाणी न शिरण्याची हमी त्या वर्षीच संपली असण्याची शक्यता मोठी, कारण ती हमी ठरलेल्या मुदतीत सर्व्हिस करून घेण्याच्या अटीवरच असते.

खिडकीच्या कडेला थोडं दव, थोडी बुरशी दिसली तर लगेच नाही म्हणू नकोस. माणसांच्या श्वासाने आणि स्वयंपाकाच्या वाफेने ती होते, पुसली की जाते. फळी कडक असेल तर ती गळती नव्हे.

तळ पायाने बघायचा. बूट काढ आणि टाचेवर भार देत चाल, दारापाशी आणि ओट्यासमोर विशेष, कारण तिथेच सगळे उभे राहतात. तळाचे थर सुटले असले तर तो स्पंजासारखा दबतो आणि करकरतो. याला उपाय आहे. बारीक भोकं पाडून आत राळ भरतात आणि तो घट्ट होतो. म्हणजे यावरून कॅराव्हॅन सोडायची नाही, भाव पाडायचा.

टायरवर नक्षी खोल दिसते म्हणून फसू नकोस. कॅराव्हॅन वर्षात थोडीच फिरते, टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच वर्षं झाली की बदलायचा विचार, सात झाली की एक मैलही नाही. स्टेपनीचाही आकडा बघ. मालक म्हणेल अजून छान आहेत. त्याला हो म्हण आणि नव्या टायरचे पैसे भावातून वजा कर.

पुढची अडकवण बघताना ती सहज बसते-निघते का, हँडब्रेक धरतो का, खालचा सांगाडा गंजला का, कुणी त्याला भोकं पाडली का, एवढं पुरे. बराच काळ उभी असेल तर ब्रेक चिकटलेले असू शकतात. थोडी ढकलून बघितलीस की कळेल. चार कोपऱ्यांचे पाय खालीवर करून बघ. त्या पायांवर कॅराव्हॅन उचलायची नसते, ते फक्त ती स्थिर ठेवायला. एखादा वाकलेला दिसला तर मालकाने तेच केलेलं असतं, आणि बाकीचंही त्याने कसं वापरलं असेल याचा अंदाज येतो.

आतली यंत्रं चालू करून दाखवा म्हणायचं, आणि हे आदल्या दिवशी फोनवरच सांगून ठेवायचं. फ्रिज गॅसवर थंड व्हायला काही तास लागतात, सकाळी लावून ठेवा म्हणावं. पाणी भरून नळ, गरम पाणी, पंप. हीटर पूर्ण तापेपर्यंत थांब. हिवाळ्यात पाणी काढून ठेवायचं राहून गेलं की गोठून पाइप आणि पाण्याची टाकी फुटते, आणि हे पाणी भरल्याशिवाय कळत नाही. गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ती वाच. निळं सिलिंडर ब्युटेनचं, ते थंडी शून्याजवळ गेली की साथ सोडतं. लाल प्रोपेनचं, तुम्ही तेच ठेवा. संडासाची पेटी बाहेर काढून तिचं रबर बघायला लाजू नकोस. खिडक्या प्लॅस्टिकच्या दुहेरी असतात, तडे बिजागरीपाशी जातात, आणि जुन्या मॉडेलची खिडकी मिळवता मिळवता नाकी नऊ येतात.

कंपनी बंद पडलेली असली तर काय, हे तू विचारलं होतंस, लूनारच्या एका कॅराव्हॅनसाठी. लूनार २०१९मध्ये बुडाली हे खरं. पण खालचा सांगाडा, फ्रिज, हीटर, संडास हे बहुतेक कॅराव्हॅनना त्याच दोनतीन पुरवठादारांकडून येतात, त्यांचे भाग मिळतात. अडचण येते ती कंपनीने स्वतः घडवलेल्या गोष्टींची, पुढचा मागचा मोठा तुकडा, दिव्यांच्या चौकटी, कपाटाची दारं. तेव्हा ते तुकडे धड असतील तर बंद कंपनीच्या नावाने भाव पाडून घे.

भाव पाडायची दुसरी जागा म्हणजे फॅशन. कायमचा पलंग, त्यातही मधोमध दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा, याला सध्या मरणाची मागणी आहे. रोज रात्री बाक जोडून बिछाना करायचा म्हटलं की लोक नाक मुरडतात. तुमची पोरं लहान आहेत, त्यांना तो बिछाना करणं हाच खेळ होईल. तपकिरी फुलाफुलांच्या गाद्या, पिवळट लाकूड, जुने पडदे, याने भाव खाली येतो आणि त्याने कॅराव्हॅनचं काही बिघडत नाही. सूनबाईला शिवणयंत्र मी देईन. म्हाताऱ्या जोडप्याने आता झेपत नाही म्हणून विकायला काढलेली मिळाली तर डोळे मिटून नव्हे, पण आनंदाने जा. सर्व्हिसची वही नीट असते, आणि तंबू, पायऱ्या, पाण्याचे डबे, कुलपं सगळं बरोबर देऊन टाकतात. हे सगळं नवीन घ्यायला गेलास तर खिसा रिकामा होतो.

डीलरकडे महाग पडेल. पण २०१५च्या ग्राहक कायद्याने पहिले ३० दिवस सदोष माल परत करायचा हक्क असतो, आणि शंभर पौंडांच्या वर, तीस हजारांपर्यंतच्या मालाचा थोडा भाग जरी क्रेडिट कार्डाने भरलास तरी कार्ड कंपनीही बांधील राहते. खासगी माणसाकडून घेतलीस तर तो खोटं बोलला नाही एवढंच बघतात. त्याने सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस, तर तुझं नशीब. म्हणून खासगी व्यवहारात प्रश्न लेखी पाठव, उत्तरं लेखी घे. फोनवरचं बोलणं हवेत जातं.

आणि सगळं पटलं, पण तो म्हणाला की संध्याकाळी दुसरे येणार आहेत, तर? तर एक वाट आहे, आणि तिचीच तयारी तुला घरी करायची आहे. मान्यताप्राप्त वर्कशॉप योजनेतले फिरते मेकॅनिक घरी येऊन कॅराव्हॅन तपासतात, ओलीचा अहवाल देतात. त्यातला त्या भागातला एक आधी बोलून ठेव. दारात उभं राहून म्हणायचं, भाव मान्य, हा थोडा इसार घ्या, आणि दोन ओळी लिहून द्या की परवा तपासणीत ओल २०च्या वर निघाली किंवा कर्ज निघालं तर इसार परत. खरा विकणारा हे मान्य करतो, कारण त्याला पक्कं गिऱ्हाईक मिळतं. जो म्हणेल तपासणी-बिपासणी नाही, आत्ता पैसे किंवा दुसरा येतोय, त्याला दुसऱ्याची वाट बघू दे.

घरी आणायच्या दिवशी गाडीचा नंबर लिहिलेली पाटी मागे लावायला ने, बाजूचे लांब आरसे ने, आणि वायरीचा जोड आधी विचारून ठेव. २००८-०९च्या सुमारापासूनच्यांना तेरा पिनांचा एकच असतो, त्याआधीच्यांना सात-सातचे दोन. जोडल्यावर मागचे दिवे एकाने बघायचे, एकाने दाबायचे. ती बारीक पोलादी तार, जी कॅराव्हॅन सुटलीच तर तिचे ब्रेक ओढते, ती अडकवल्याशिवाय हलायचं नाही. विमा त्या सकाळपासून सुरू करून ठेव. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, दुभाजकाच्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ६०, आणि एम-४वर तीन पट्टे असतील तिथे सगळ्यात उजवा तुझा नाही. तीसेक मैलांनी थांबून चाकांचे बोल्ट पुन्हा आवळून बघ. घरी पोचलास की क्रिसच्या नोंदणीवर नाव बदलून घ्यायला महिना लावू नकोस.

पुढची जाहिरात आवडली की मला आधी फोटो पाठव. बाहेरून सूर्यास्तात काढलेले नकोत. टायरवरचे चार आकडे, वहीतली ओलीची पानं, आणि पुढच्या बाकाची गादी उचलून कोपऱ्याचा, हे तीन माग. जो हे तीन पाठवायला कुरकुर करेल त्याच्याकडे जायचं पेट्रोल वाचलं.